गोदाकाठच्या एका गावाची मतदारयादी

चिपळूणहून परभणीला कुणी हौसेनं जात नाही. मी बॅग भरत होते तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तिकडे काय आहे बघण्यासारखं?" मला उत्तर देता आलं नव्हतं. परत येऊन आता तीन आठवडे झाले. वहिनींनी पुन्हा विचारलेलं नाही, पण उत्तर तयार झालंय, म्हणून लिहिते.

मला बोलावलं ते कमलनं. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. ती परभणीची. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. मी छापखान्यात मुद्रितशोधन करत राहिले. दिवाळी संपल्यावर तिचा फोन आला. "आमच्याकडे मतदारयाद्यांची दुरुस्ती चालू आहे. माणसं आहेत, गाडी आहे. चुका दिसणारे डोळे तेवढे नाहीत. आठ-दहा दिवस ये."

कमल आणि आणखी सहा-सात जण मिळून हे काम करतात. त्यांच्या संस्थेला पाटी नाही, नाव नाही. गावोगावचे लोक त्यांना 'यादीवाले' म्हणतात. ते गावात जाऊन मतदारयादी मोठ्यानं वाचतात. ज्याचं नाव नाही त्याचा अर्ज भरून देतात, ज्याचं चुकलंय त्याचं दुरुस्त करायला लावतात, जो राहिला नाही त्याचं काढायला सांगतात. प्रत्येक गावात पहिलं वाक्य एकच असतं, "आम्ही कोणत्याही पक्षाचे नाही." ते वाक्य कुणालाच खरं वाटत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

परभणी

गाडी पहाटे पोचली. कमल स्टेशनबाहेर स्कूटर घेऊन उभी होती. शाल, मफलर, पायात बूट. आमच्याकडे या दिवसांत नुसतं गार वाटतं, इथं दात वाजत होते. विद्यापीठाच्या बाजूनं घरी जाताना उजाडलं आणि मी पहिल्यांदा ती जमीन पाहिली. कोकणात कुठंही उभं राहा, डोंगर किंवा माड मध्ये येतोच. इथं नजर नुसती जात राहते. काळी माती, कापसाचे पांढरे ठिपके, तुरीचा पिवळा फुलोरा आणि त्यावर प्रचंड आभाळ. मला थोडं उघड्यावर पडल्यासारखं वाटलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. भात शेवटी आला, वाटीभर. माझा चेहरा पाहून कमल म्हणाली, "दोन दिवसांनी भाकरीची सवय होईल, मग भात आठवणार नाही." भात आठवत राहिला, पण येसराची आमटी मी आता घरी करायला शिकते आहे.

संध्याकाळी बैठकीच्या खोलीत याद्या पसरल्या. तिथं रहीमभाई भेटले. एसटीत वाहक होते, आता निवृत्त. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला ते थांब्यानं ओळखतात. अमुक गाव म्हटलं की म्हणणार, "हां, लिंबाखालचा थांबा." मी पहिल्या तासाभरात एकाच पानावर एक बाई दोनदा शोधली आणि एका आजोबांच्या नावापुढे 'स्त्री' छापलेलं दाखवलं. मला गंमत वाटली होती. रहीमभाई हसले नाहीत.

"मॅडम, तीस वर्षं तिकिटं फाडली मी," ते म्हणाले. "गाडीत मानूस चढला की त्याला तिकीट द्यायचं. गरीब असो, पाटील असो, मला पसंत असो, नसो. हे कामबी तसंच हाय. यादीत मानूस हाय का न्हाई, तेवढं बगायचं."

जिंतूर रस्त्याला

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी आम्ही जिंतूरकडच्या गावांत होतो. शाळेच्या ओट्यावर यादीवाचन चालायचं. पुरुष लांब उभे राहून ऐकायचे, बायका कापूस वेचायला जाता जाता थांबायच्या. एका घरी सुनेचं नाव यादीत नव्हतं. सासू म्हणाली, "तिचं कशाला? ती मी सांगीन तिथंच टाकनार." रहीमभाई शांतपणे म्हणाले, "मंग तुमचंच एक मत वाढंल की मावशी." सासूनं क्षणभर विचार केला आणि सुनेला हाक मारली. परतताना कमल म्हणाली, "आत गेल्यावर ती कुठलं बटण दाबते ते सासूला कुठं दिसणार आहे?"

तिसऱ्या दिवशी मी पडले. आदल्या रात्री अवेळी सर येऊन गेली होती. आमच्या तांबड्या मातीवर पाऊस पडला की पाणी वाहून जातं, तासाभरात चालता येतं. इथली माती पाय धरते. चार पावलांत चपलेला वीतभर चिखल चढला, पाचव्या पावलाला चप्पल मागं राहिली आणि मी अर्जांच्या पिशवीसकट खाली बसले. एक अनोळखी बाई धावत आली. तिनं मला उठवलं, हौदावर नेऊन पाय धुतले आणि मी संकोचानं पाय मागं घेतला तर रागावली. "पाव्हण्याचे पाय हायेत, धुवू द्या." तिचं नाव यादीत बरोबर होतं. मी आवर्जून पाहिलं.

गोदाकाठ

पाचव्या दिवशी सोनपेठच्या पलीकडे, गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका गावी गेलो. गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

मतदारयादीचं काम तिथं अंगणवाडीताईंकडे होतं. त्यांनी चहा केला, यादी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे एक नाव काढायचं राहिलंय. माझी चूक हाय."

ओळ होती 'शिवलाल' नावाची. वडील वीरभद्र, वय अठ्ठावीस.

"शिवलिंग हाय तो," ताई म्हणाल्या. "छापताना शिवलाल झालं. पुण्याला बांधकामावर होता. वरून पडला. दोन वर्षं झाली असतील. तिथंच नोंद झाली, कागद तिथले. मला आईकडून दाखला मागून अर्ज भरून घ्यायचा होता. चारदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदाबी तोंड उघडलं न्हाई माझं. अंगणवाडीत माझ्याच हाताखाली होता तो."

आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. घर गावाच्या टोकाला, मागे शेत. महानंदाबाई ओसरीवर मूग पाखडत बसल्या होत्या. साठीच्या आसपास, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. आत सून सारिका भाकरी थापत होती आणि तिची चार वर्षांची मुलगी उंबऱ्यावर बसून आम्हाला पाहत होती.

कमलनं हळूच विषय काढला. महानंदाबाईंचा हात थांबला नाही.

"त्याचं काढायचं तर माझंबी काढून टाका," त्या म्हणाल्या. "मला न्हाई टाकायचं मत."

"का हो, मावशी?" मी विचारलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग जे सांगितलं ते आठवेल तसं लिहिते.

"मागच्या इलेक्शनला गेल्ते म्या. तेला जाऊन सा महिने झाल्ते. शाळंबाहेर पोरं यादी घिऊन बसत्यात न्हाई का, तेनला नाव सांगितलं. तर एक जन म्हनला, काकू, तुमच्या घरचं एक झालंय सकाळीच, तुमचं तेवढं राह्यलंय. म्या म्हनलं, कोनाचं झालं? तो म्हनला, तुमच्या पोराचं." त्या थांबल्या. "मला कळंनाच. मला वाटलं, आला की काय. म्या रांगंत बगितलं. एकएक तोंड बगितलं. मागं जाऊन पुना बगितलं."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"मंग त्या पोरानं जीभ चावली. तेला कुनीतरी कोपरानं ढोसलं. तवा मला उमगलं. म्या तशीच घरी आले. मत न्हाई टाकलं. ज्या पेटीत माझ्या मेलेल्या लेकराच्या नावानं कुनी हात घातला, त्या पेटीला म्या हात लावायचा?"

पेटी आता राहिलेली नाही, मशीन आलंय, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. अंगणवाडीताई पदर तोंडाला लावून रडत होत्या. त्यांनी दाखला मागितला नाही म्हणून नाव राहिलं, आणि नाव राहिलं म्हणून हे घडलं. हे त्यांना आमच्यासमोर, त्याच क्षणी कळत होतं.

रहीमभाईंनी विचारलं, "कुनी टाकलं ते मालूम हाय का, भाभी? तक्रार करायची तर मी येतो संगं."

"मालूम हाय," महानंदाबाई म्हणाल्या. "तेच्या घरी माझं लेकरू खेळून मोठं झालंय. तेची माय अजून मला ताक आनून देती. न्हाई करायची तक्रार."

रहीमभाईंनी विषय तिथंच सोडला. मी मात्र बोलले आणि चुकीचं बोलले. अर्ज पुढे ओढून मी नाव लिहायला घेतलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "नीट लिवा. शिवलिंग लिवा. पयलं ते दुरुस्त करा, मंग काढा."

"मावशी, यादीत शिवलाल आहे," मी म्हणाले. "अर्जात यादीतल्यासारखंच लिहावं लागतं. चुकीचं असलं तरी."

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका बरोबर करून दिल्या होत्या. आणि इथं एका आईला सांगत होते की तिच्या मुलाचं नाव चुकीचंच राहू दे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता. त्यांनी नुसता नकार दिला. "शिवलाल नावाचं मानूस ह्या घरात जन्मलं न्हाई. मंग मरंल कसं?"

कमलनं अर्ज मिटला. निघताना तिनं सारिकाला विचारलं, "तुझं नाव आहे का यादीत?" सारिकानं नकारार्थी मान हलवली. लग्न होऊन आली तेव्हा वय बसत नव्हतं, पुढं कुणी पाहिलं नाही. "माझं काय करायचं नाव," ती म्हणाली. नंतर ताईंनी सांगितलं की तिचे आईवडील तिला माहेरी न्यायच्या विचारात आहेत. वय तेवीस. दुसरं लग्न करून द्यावं म्हणतात. सासू यावर हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही.

जाताना महानंदाबाईंनी आम्हाला शेतातून नेलं. बांधाला लागून मातीचा उंचवटा आणि त्यावर बेलाचं रोप होतं. लिंगायतांत दहन करत नाहीत, बसवून पुरतात. "इथं बसवलंय तेला," त्या म्हणाल्या. कोकणात आम्ही माणूस गेला की राख समुद्राला देतो आणि हात रिकामे करून परततो. या बाईच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तिचा मुलगा बसलेला होता. पलीकडे नदी संथ होती, पाणी कमी, वाळू जास्त.

तहसील

मग दोन दिवस आम्ही दुसऱ्या गावांना गेलो. माझं लक्ष लागत नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी अंगणवाडीताईंचा फोन आला. महानंदाबाई तहसीलला यायला तयार होत्या. दाखल्यावरचं आणि यादीतलं नाव जुळत नसल्यामुळे त्यांना तिथं जबाब द्यावा लागणार होता, आणि त्या जबाबात खरं नाव सांगता येणार होतं.

त्या अकराच्या एसटीनं आल्या. बरोबर सारिका, नात आणि अंगणवाडीताई. नव्या लुगड्याची घडी आजच मोडलेली होती. प्लास्टिकच्या पिशवीत पुण्याचा मृत्यूचा दाखला होता. दोन वर्षांत तो कुणाला दाखवला नसावा, घड्या तशाच करकरीत होत्या.

नायब तहसीलदार तरुण होते, समजूतदार वाटले. त्यांनी यादी पाहिली, दाखला पाहिला आणि नेहमीच्या सवयीनं विचारलं, "शिवलाल वीरभद्र, हे तुमचे कोण?"

"असं कुनी न्हाई आमच्यात," महानंदाबाई म्हणाल्या.

कमलनं माझा हात दाबला. मला वाटलं, संपलं सगळं. साहेबांनी वर पाहिलं.

"शिवलिंग हाय तेचं नाव," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला होता, बाहेरच्या बाकावरचे लोक वळून पाहू लागले. "माझा लेक. शिवलिंग. तो मेलाय. तुमच्या यादीनं चुकीचं लिवलंय, ते तुमी तुमच्या कागदावर लिवा. म्या सांगते तसं लिवा."

साहेबांनी पेन घेतलं. जबाबात त्यांनी लिहिलं की यादीत शिवलाल असं छापलेलं नाव हे मुद्रणातील चूक असून खरे नाव शिवलिंग आहे, आणि सदर व्यक्ती मयत आहे. मग ते त्यांनी वाचून दाखवलं. महानंदाबाईंनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी ऐकून त्यांनी डावा अंगठा पुढे केला.

आम्ही उठणार तेवढ्यात सारिका म्हणाली, "माझंबी टाकायचं हाय."

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. तिनं कमरेचा बटवा सोडून आधार कार्ड आणि शाळेचा दाखला काढला. म्हणजे ती घरून ठरवून आली होती.

"माहेरच्या यादीत टाकायचं तर तसं कर, बाळा," महानंदाबाई म्हणाल्या. तिच्याकडे न पाहता म्हणाल्या. "तुज्या मायचं मला मालूम हाय. म्या अडवायली न्हाई तुला."

"मी इथंच ऱ्हायलेय. इथंच टाका," सारिका म्हणाली. "फुडचं फुडं बघू."

एवढंच बोलणं झालं. ते कायमचं वचन नव्हतं, आणि कुणी ते मागितलंही नाही. अर्ज मी भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, पत्ता. मग नातेवाइकाचा रकाना आला. वडील, आई किंवा पती, यांपैकी एकाचं नाव लिहायचं असतं. मी विचारलं. सारिकानं सासूकडे पाहिलं. नातीनं तिचा पदर ओढला.

"पती," ती म्हणाली. आणि मग, मला वाटतं सासूसमोर पहिल्यांदाच, तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. "शिवलिंग."

महानंदाबाई माझ्या खांद्यावरून वाकल्या. त्यांना वाचता येत नाही. "दावा मला," त्या म्हणाल्या. मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहिलं. शि. व. लिं. ग. लिंवरचा अनुस्वार दिला आणि तो नीट उमटला का ते पाहिलं. इतकी सावध मी कुठलंही पुस्तक तपासताना झाले नसेन. त्या अक्षरांवर त्यांनी बोट ठेवलं, शाई ओली होती, थोडी बोटाला लागली.

"हे यादीत छापून येतंय?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"येतं. सुनेच्या नावाखाली."

"आन् ह्येच्यावर कुनाला मत टाकता येतंय?"

"नाही, आजी. मत फक्त सुनेचं."

त्यांनी समाधानानं मान डोलावली.

बाहेर ऊन चढलं होतं. आवारातल्या झाडाखाली बसून सगळ्यांनी धपाटे खाल्ले, महानंदाबाईंनी फडक्यात बांधून आणले होते. सोबत दही आणि लसणाची चटणी. पहिला त्यांनी अंगणवाडीताईंना दिला. ताईंना घास गिळवेना, तेव्हा त्यांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "खा माय. तुजं काय चुकलं? मला वाईट वाटंल म्हनून तू घरात आली न्हाईस, मला वाईट वाटायचं म्हनून म्या दाखला घिऊन गेले न्हाई." रहीमभाई मुलीला आपलं जुनं तिकिटाचं पंच दाखवत होते. ते अजून खिशात ठेवतात.

परतीची गाडी लागली. सारिका मुलीला घेऊन चढली. महानंदाबाई पायरीपाशी थांबल्या आणि वळल्या.

"भाऊ," त्यांनी रहीमभाईंना विचारलं, "आता इलेक्शन कवा हाय?"

"अजून टायम हाय, भाभी. तारीख लागली की मी स्वतः येऊन सांगतो."

"केंद्र किती वाजता उघडतं?"

"सकाळी सातला."

"मंग म्या सा वाजताच जाऊन बसते दारात," त्या म्हणाल्या. "पयली म्या. माझ्या मागं सारिका. आमच्या घरचं काय झालं आन् काय राह्यलं, ते औंदा म्याच सांगनार त्या पोरांला."

वाहकानं घंटी दिली. त्या वर चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि गाडी फाट्याला वळेपर्यंत समोर रस्त्याकडे पाहत राहिल्या.